सगळं धरून दर, पण बिल कुणाचं?

पुण्यात नोकरी करणारा एखादा माणूस कंपनीच्या कामासाठी वर्षभर गावोगावच्या हॉटेलांत उतरतो. दर वेळी एकाच साखळीचं हॉटेल निवडलं, की काही काळाने ती साखळी त्याला वरच्या पायरीचा सभासद करते. मग काउंटरवर नाव घेऊन स्वागत होतं, नाश्त्याचं बिल लागत नाही, जमलं तर मोठी खोली मिळते. दिवाळीच्या सुट्टीत हाच माणूस बायको-मुलांना आणि गावाकडच्या आई-वडिलांना घेऊन त्याच साखळीच्या समुद्रकाठच्या ‘ऑल इनक्लुझिव्ह’ रिसॉर्टवर जातो. तिथे नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, मधल्या वेळचं खाणं, सरबतं, बहुतेक ठिकाणी मद्यही खोलीच्या दरातच धरलेलं असतं. आणि ते सगळ्या पाहुण्यांना, कार्ड असो वा नसो. मग वर्षभर कमावलेल्या त्या कार्डाचा इथे उपयोग काय?

श्रीरामपूर तालुक्यातल्या बेलापूरकरांना हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. गावाला प्रवरा आहे, समुद्र मात्र सह्याद्रीपलीकडे. तरी दौंड–मनमाड लोहमार्ग जवळून जातो आणि वास्कोहून दिल्लीकडे जाणारी गोवा एक्स्प्रेस याच मार्गाने धावते. शिकून पुण्या-मुंबईला, बंगळूरला, तिथून परदेशी गेलेली मुलं सुट्टीत आई-वडिलांना समुद्रावर नेतात आणि पॉइंट, पॅकेज, मेंबरशिप हे शब्द घरच्या बोलण्यात येतात. या शब्दांमागचा व्यवहार समजून घ्यायचा, तर एकच प्रश्न हातात धरून चालावं. फुकट म्हणून जे मिळतं, त्याचे पैसे कोण भरतं?

अमर्यादित थाळीचा हिशेब

अमर्यादित थाळीच्या खानावळीत दर एकच असतो. भुकेला तरुण आठ चपात्या खातो, शेजारच्या आजी दीड चपातीवर थांबतात, पैसे दोघांचे सारखेच. तरीही मालक बुडत नाही, याची कारणं तीन. एक, दर ठरवताना त्याने कुणा एकाचं पोट मोजलेलं नसतं. दिवसभरात येणाऱ्या सगळ्यांची सरासरी धरलेली असते. दोन, शेगडी पेटलेली आणि आचारी पगारावर असल्यामुळे पुढची प्रत्येक चपाती फार स्वस्तात पडते. तीन, महागडा पदार्थ अमर्यादित नसतो. बासुंदी एक वाटी, पुढच्या वाटीचे पैसे वेगळे.

समुद्रकाठचं सर्वसमावेशक रिसॉर्ट याच तीन खांबांवर उभं असतं. दर पाहुण्यांच्या सरासरीवर ठरतो. बुफे लावलाच आहे, तेव्हा आणखी एका ताटाचा खर्च थोडा. आणि महागड्या गोष्टी, म्हणजे स्पा, स्कूबा डायव्हिंग, उंची वाइन, किनाऱ्यावर खास मांडलेलं दोघांचं जेवण, बहुधा पॅकेजबाहेर ठेवलेल्या असतात. शिवाय रिसॉर्टला खानावळीपेक्षा एक सोय जास्त. पाहुणे आधी बुकिंग करून चार-पाच रात्रींसाठी येतात. उद्या किती माणसं जेवणार हे भटारखान्याला आजच ठाऊक असतं, त्यामुळे खरेदी नेमकी होते आणि नासाडी आटोक्यात राहते.

यातून पहिला निष्कर्ष निघतो. सर्वसमावेशक दरात कमी खाणारा जास्त खाणाऱ्याचं बिल भरतो आणि मद्य न घेणारा घेणाऱ्याचं. शाकाहारी, निर्व्यसनी, रात्री दूध-भातावर भागवणारे आजी-आजोबा हे अशा रिसॉर्टचे सगळ्यात फायदेशीर पाहुणे. उलट वाढत्या वयाची दोन मुलं घेऊन आलेलं, दिवसभर पोहणारं आणि दर दोन तासांनी काहीतरी मागणारं कुटुंब दर पुरेपूर वसूल करतं.

सीपी, एमएपी, एपी आणि त्यापुढे

आपल्याकडच्या ट्रॅव्हल एजंटांच्या दरपत्रकात ही उतरंड आधीपासून आहे. ‘ईपी’ म्हणजे नुसती खोली. ‘सीपी’ म्हणजे खोली आणि नाश्ता. ‘एमएपी’ म्हणजे नाश्ता आणि एक वेळचं जेवण. ‘एपी’ म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. ऑल इनक्लुझिव्ह ही त्यापुढची पायरी. तीत मधल्या वेळचं खाणं, पेयं, करमणुकीचे कार्यक्रम आणि कयाकसारखे काही जलक्रीडा प्रकारही येतात.

मराठी माणसाला सगळं धरून दर देण्याची सवय मात्र जुनी आहे. कोकणात गुहागर, दिवेआगर, तारकर्लीकडे घरगुती राहण्याच्या सोयीत माणशी दर सांगतात, त्यात चहा, नाश्ता आणि दोन जेवणं धरलेली असतात. १९८४ मध्ये सुरू झालेल्या केसरी टूर्सने आणि २०१३ मध्ये आलेल्या वीणा वर्ल्डने तर प्रवास, राहणं, जेवण, प्रेक्षणीय स्थळं अशी सगळी मोट एका दरात बांधूनच मराठी कुटुंबांना जग दाखवलं. परक्या मुलखात रोज जेवणाची आणि बिलाची चिंता नको, ही त्यामागची गरज. समुद्रकाठचं रिसॉर्ट तीच गरज एका कुंपणाच्या आत भागवतं.

तंबूंपासून मनगटावरच्या पट्ट्यापर्यंत

या पद्धतीचा आधुनिक प्रवास १९५० मध्ये सुरू झाला. जेरार ब्लिट्झ या बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूने स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया इथे ‘क्लब मेड’ची पहिली सुट्टी-वसाहत उभारली, तीही तंबूंची. महायुद्धातून सावरणाऱ्या युरोपातल्या मध्यमवर्गाला ठरावीक पैशांत ऊन, समुद्र, खेळ आणि जेवण मिळावं, ही कल्पना. पुढे क्लब मेडच्या वसाहतींत पाहुणे गळ्यात मण्यांची माळ घालत आणि बारमध्ये पेयासाठी मणी काढून देत. म्हणजे राहणं-जेवण दरात होतं, बार वेगळा होता. पुढे अनेक रिसॉर्टांनी बारही दरात घेतला आणि पाहुण्याच्या मनगटावर रंगीत पट्टा आला.

मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांवर ही पद्धत सर्वाधिक फोफावली. मेक्सिकोच्या सरकारने कॅनकूनचा किनारा पर्यटनासाठी ठरवून विकसित केला. तिथली पहिली हॉटेलं १९७० च्या दशकाच्या मध्यावर उघडली. आज अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबं थंडीच्या सुट्टीत जातात ती बहुतेक याच किनाऱ्यांवर. मोठ्या हॉटेल साखळ्या मात्र या धंद्यात उशिरा उतरल्या. हयातने २०१३ मध्ये ‘झिवा’ आणि ‘झिलारा’ ही नावं आणली आणि २०२१ मध्ये अॅपल लेझर ग्रुप विकत घेऊन एका फटक्यात अशा रिसॉर्टांचा मोठा ताफा मिळवला. मॅरियटने २०१९ मध्ये या क्षेत्रात उतरल्याचं जाहीर केलं. तोवर हॉटेलांचे सभासद आणि सर्वसमावेशक रिसॉर्टांचे पाहुणे ही दोन वेगळी जगं होती. ती जुळली, तेव्हा सुरुवातीचा प्रश्न जन्माला आला.

मालदीवला जमतं, गोव्यात कमी का?

मालदीवमध्ये बहुतेक ठिकाणी एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. बाहेर पडून वडापाव खावा म्हटलं, तर चहूकडे पाणी. भाजी-धान्यापासून जवळपास सगळं आयात केलेलं, म्हणून एकेका जेवणाचा दर डोळे पांढरे करणारा. अशा जागी सगळं धरून दर पाहुण्याला सोयीचा पडतो आणि रिसॉर्टलाही; कारण पाहुणा कुठेच जाणार नसतो.

गोव्याचं तसं नाही. ताज समूहाने १९७४ मध्ये सिंकेरी इथे, १६१२ साली पुऱ्या झालेल्या आग्वाद किल्ल्याच्या परिसरात आपलं समुद्रकाठचं रिसॉर्ट उघडलं. १९८३ मध्ये राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीतल्या परिषदेदरम्यान गोव्यात विश्रांतीला आले आणि तिथल्या किनाऱ्याचं नाव जगभर गेलं. तरी गोव्यात पाहुण्याला खोलीत आणि बुफेत बांधून ठेवणं कठीण. फाटकाबाहेर शॅक आहेत, मासळीची थाळी आहे, पणजीत खाणावळी आहेत, म्हापशाचा बाजार आहे. जेवणाचे पैसे आधीच भरून ठेवले, तर गोव्यातला निम्मा गोवा हातचा जातो.

करांचंही एक कारण आहे. राहणं आणि जेवण यांवर जीएसटी लागतो. पिण्याचं मद्य जीएसटीबाहेर असून त्यावर राज्याचे वेगळे कर आहेत आणि परवान्याचे नियम निराळे. त्यामुळे मद्यही खोलीच्याच दरात घालणं भारतीय हॉटेलांना हिशेबाला अडचणीचं जातं. आपल्याकडची पॅकेजं बहुधा एपीपाशी थांबतात, यात या गोष्टीचा वाटा आहे.

मॉरिशस या दोन टोकांच्या मध्ये बसतं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात, गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. बेट मोठं आहे, गावं आणि बाजार आहेत. अशा देशात पूर्ण पॅकेजपेक्षा नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढंच घ्यावं. दुपार बेट पाहायला मोकळी राहते.

पॉइंट येतात कुठून?

नियमित गिऱ्हाइकाला पॉइंट देण्याची आजची पद्धत विमान कंपन्यांकडून आली. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपली योजना सुरू केली. हॉलिडे इन आणि मॅरियट १९८३ मध्ये त्याच वाटेने गेल्या. आता हॉटेल साखळी आणि हॉटेलचा मालक हे बहुतेक वेळा वेगळे असतात, हे लक्षात घेतलं की पुढचं सगळं उलगडतं. इमारत एखाद्या उद्योजकाची असते. साखळी तिला नाव देते, बुकिंग यंत्रणा देते, कित्येकदा हॉटेल चालवतेही.

सभासद पैसे देऊन राहिला, की हॉटेल-मालक त्या बिलाचा छोटा हिस्सा साखळीच्या सभासद-निधीत भरतो. सभासदाच्या खात्यात पॉइंट पडतात. मॅरियटच्या बहुतेक हॉटेलांत खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे १० मूळ पॉइंट मिळतात, हयातमध्ये ५. वरच्या पायरीच्या सभासदाला त्यावर जादा. पुढे कधीतरी सभासद पॉइंट मोडून फुकट रात्र घेतो, तेव्हा त्याच निधीतून त्या हॉटेलच्या मालकाला पैसे जातात. हॉटेल अर्धं रिकामं असेल, तर ही भरपाई थोडी असते. नाहीतरी ती खोली रिकामीच राहिली असती. हॉटेल जवळपास भरलेलं असेल, तर भरपाई पूर्ण दराच्या जवळ जाते, कारण तीच खोली रोख गिऱ्हाइकाला विकता आली असती.

म्हणजे ‘फुकट’ रात्रीचे पैसे आधीच भरलेले असतात. भरले कुणी? कामासाठी फिरणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्याच्या कंपनीने. पॉइंट मात्र त्याच्या स्वतःच्या खात्यात येतात आणि तो ते घरच्यांच्या सुट्टीवर खर्चतो. या सगळ्या योजनांचं बळ या सांध्यात आहे. शिवाय कित्येकांचे पॉइंट न वापरता संपतात, आणि त्या विसरभोळ्यांचा पैसा योजनेतच राहतो. इथेही थाळीसारखीच गत. न खाणारा खाणाऱ्याचं बिल भरतो.

सर्वसमावेशक रिसॉर्टवर गणित बदलतं

साध्या हॉटेलात फुकट रात्र म्हणजे फक्त खोली. मालकाला पडणारा खर्च चादरी, साबण, वीज-पाण्याचा. सर्वसमावेशक रिसॉर्टवर मात्र फुकट रात्रीच्या पाहुण्यालाही तीन वेळा खाऊ घालायचं असतं. साखळीला मालकाची भरपाई वाढवावी लागते, म्हणून पॉइंटही जास्त मागितले जातात. हयातने २०२२ मध्ये अशा रिसॉर्टांसाठी पॉइंटचं वेगळं दरपत्रकच काढलं, ते यामुळे. दर सहसा खोलीमागे दोन माणसांचा असतो. तिसरा प्रौढ आला, तर त्याच्या जेवणाखाण्याचे जादा पैसे किंवा पॉइंट लागतात. मुलं आणि आजी-आजोबा मिळून सहा जण जाणार असतील, तर ‘खोली फुकट आहे’ या वाक्यावर विसंबू नये.

रोख पैसे भरून राहिलात, तर उलटा फायदा होतो. साध्या हॉटेलात बाहेर जेवलात, तर त्या जेवणाचे पॉइंट मिळत नाहीत. इथे जेवणही खोलीच्या दरात असल्याने सहसा सगळ्या रकमेवर पॉइंट पडतात.

आता मानाच्या सभासदाकडे येऊ. हयातची सर्वांत वरची पायरी, ‘ग्लोबलिस्ट’, वर्षाला ६० रात्रींवर मिळते. मॅरियटची ‘प्लॅटिनम’ ५० रात्रींवर. शहरातल्या हॉटेलात या पायरीची खरी किंमत नाश्ता, लाउंज आणि उशिरा खोली सोडण्याची मुभा यांत असते. सर्वसमावेशक रिसॉर्टवर नाश्ता सगळ्यांनाच असतो. लाउंजमधल्या चहा-खाण्याला अर्थ उरत नाही, कारण प्रत्येक बार खुला. उशिरा खोली सोडायची मुभा मॅरियट प्लॅटिनम सभासदाला शहरी हॉटेलात दुपारी चारपर्यंत देतं, पण रिसॉर्टवर ती खोली उपलब्ध असली तरच. कारण उघड आहे. शहरात चार तास जास्त म्हणजे नुसती खोली अडते. इथे आणखी एक जेवणही जातं. काही रिसॉर्ट वेगळा मजला, खास बार, जास्त निवांत पोहण्याचा तलाव असा वरचा वर्ग ठेवतात, पण तो पैसे देऊन घ्यायचा असतो. कार्डावर आपोआप मिळेलच असं नाही.

उरतं ते एवढंच: जमलं तर समुद्राकडची चांगली खोली, बिलावर जादा पॉइंट, आणि फुकट रात्रीही बहुतेक योजनांत पुढच्या पायरीच्या मोजणीत धरल्या जाणं. म्हणून सर्वसमावेशक रिसॉर्टवर पायरीचा भाव उतरतो आणि पॉइंटांचा चढतो. वर्षभराचं कार्ड नाश्त्यासाठी शहरात वापरावं, जमलेले पॉइंट समुद्रावर मोडावेत.

एका पॉइंटची किंमत काढायची कशी?

समजा, पुण्यातल्या हॉटेलात एक रात्र रोख ₹९,००० किंवा १०,००० पॉइंटांना मिळते. एका पॉइंटची किंमत ९० पैसे झाली. समजा, एका सर्वसमावेशक रिसॉर्टवर दोघांची रात्र रोख ₹४०,००० किंवा २५,००० पॉइंटांना आहे. इथे एका पॉइंटला १ रुपया ६० पैसे मिळाले. वरवर पाहता रिसॉर्टचा सौदा उजवा.

पण त्या ₹४०,००० मध्ये मद्य, मधलं खाणं, रात्रीचे कार्यक्रम सगळं आहे. तुम्ही त्यातलं जे वापरणारच नाही, ते वजा करा. आई-वडील शाकाहारी आणि रात्री लवकर झोपणारे असतील, तर त्यांच्या दृष्टीने या रात्रीची किंमत ₹२८,००० धरा. पॉइंटची किंमत १ रुपया १२ पैशांवर आली. सौदा अजूनही बरा, पण जाहिरातीत दिसला तेवढा नव्हे. हीच वजाबाकी रोख बुकिंगलाही लागू आहे. समजा, गोव्यात खोली-नाश्ता ₹९,००० ला आणि सगळं धरून ₹१६,००० ला आहे. फरक दोघांमागे ₹७,००० चा. बाहेर दोघांचं दोन वेळचं जेवण त्याहून किती तरी कमीत होत असेल, तर सीपी घ्या आणि मासळी बाहेर खा.

चौकट: बुकिंगआधी विचारायचे प्रश्न

• दर किती माणसांचा? तिसऱ्या प्रौढाचे आणि मुलांचे जादा किती?
• पॅकेजमध्ये काय नाही? मद्याचे प्रकार, स्पा, बोट, विमानतळापासूनचा प्रवास. मालदीवमध्ये स्पीडबोट किंवा सीप्लेनचा खर्च कित्येकदा वेगळा असतो.
• शाकाहारी किंवा जैन जेवण रोज मिळेल, की फक्त मागणीवर?
• पोचल्याच्या दिवशी कोणत्या वेळेपासून आणि निघायच्या दिवशी कोणत्या वेळेपर्यंत जेवण धरलेलं आहे?
• बुकिंग साखळीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे ना? एजंट, इतर पोर्टल किंवा ग्रुप टूरमधून घेतलेल्या खोलीवर सहसा पॉइंट मिळत नाहीत आणि पायरीचे फायदेही लागू होत नाहीत.
• सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्यास पाचवी फुकट आहे का? मॅरियटमध्ये ती सवलत सगळ्या सभासदांना, हिल्टनमध्ये सिल्व्हर आणि त्यावरच्या पायऱ्यांना आहे.

‘मेंबरशिप’ दोन जातींची

एक गल्लत टाळायला हवी. मॅरियट, हयात, हिल्टन यांचं सभासदत्व फुकट असतं. फोन नंबर आणि ई-मेल दिला की झालं. ताज समूहाचे फायदे टाटा न्यू या व्यवस्थेशी जोडलेले आहेत; तिथला एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, त्यामुळे तिथे वरची गणितं करावीच लागत नाहीत. याउलट ‘व्हेकेशन ओनरशिप’ किंवा टाइमशेअर म्हणजे पुढच्या अनेक वर्षांच्या सुट्ट्या आधीच विकत घेणं. महिंद्रा हॉलिडेज १९९६ पासून या व्यवसायात आहे. तिची पंचवीस वर्षांची सदस्यता प्रसिद्ध आहे. तिथे सुरुवातीला मोठी रक्कम, पुढे दर वर्षी शुल्क, आणि रिसॉर्टवर जेवणाचे पैसे वेगळे. दरवर्षी नेमाने सुट्टी घेऊ शकणाऱ्या कुटुंबाला ती परवडू शकते. पण ऊस कधी तुटेल आणि कारखाना पैसे कधी देईल यावर ज्याची सुट्टी ठरते, त्याने सही करण्याआधी पंचवीस वर्षांच्या शुल्काची बेरीज कागदावर मांडावी. मॉलमध्ये किंवा फोनवर ‘मेंबर व्हा’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारायचं: सभासद होण्याचे पैसे आहेत का? आहेत म्हटलं, की तो दुसऱ्या जातीचा.

फुकटचं सभासदत्व घेतलं, तरी पॉइंट साठवत बसण्यात शहाणपण नाही. मॅरियट, हिल्टन आणि हयात या तिन्हींत २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही, तर पॉइंट बाद होतात. त्यांवर व्याज नाही. एका रात्रीला किती पॉइंट लागतील, हे साखळी एकतर्फी ठरवते आणि वाढवतेही. आज २५,००० पॉइंटांना मिळणारी रात्र उद्या ३०,००० ला गेली, तर तक्रार करायला जागा नसते. तेव्हा जमलेत त्या वर्षी किंवा फार तर पुढच्या वर्षी मोडावेत, आणि कुठे मोडायचे हे घरात जेवणारी तोंडं मोजून ठरवावं. वाढत्या वयाची मुलं असतील, तर सगळं धरून असलेला किनारा. आई-वडील बरोबर असतील, तर गोव्यातली समुद्राकडची साधी खोली आणि सीपी. दोन्ही जागी पॉइंट तेच, साखळीही कदाचित तीच. फरक एवढाच, की पहिल्या ठिकाणी दुसरे कुणी तुमचं बिल भरतात आणि दुसऱ्या ठिकाणी तुम्ही दुसऱ्यांचं भरायचं टाळता.